सहा लेकराचा पिच्चर

पिच्चर कसा आहे असं सुगंधामावशीले विचारलं, तर ती ना हिरोचं नाव सांगे ना गाण्याचं, ती नुसती बोटं दाखवे. दोन बोटं म्हणजे दोन लेकराचा पिच्चर, जाऊ नोको. चार बोटं म्हणजे चार लेकराचा, भाजी उतरवून ठेव अन् जा. आमच्या लाईनीतल्या दहाही खोल्यातल्या बाया तिच्या बोटावर पिच्चर पाहायच्या. मी लग्न होऊन नवीन आली तेव्हा मले समजेच ना का लेकराचा अन् पिच्चरचा काय संबंध, मले वाटे त्या पिच्चरमध्ये तेवढे लेकरं असतीन. एक वेळा तीन लेकराच्या पिच्चरमध्ये बसून मी शेवटपर्यंत लेकरंच मोजत होती, एकही निघालं नाही, अन् घरी येऊन ह्याईले म्हटलं, मावशी खोटं बोलते. हे इतके हसले का कंपनीची बस चुकता चुकता राहिली.

मंग मले मावशीनंच सांगतलं. ती टाकीजवर लेडीज क्लासच्या दारावर होती. वीसेक वर्षं झाले असतीन, मी पाळण्यात होती तेव्हापासून. तिकीट फाडायचं, टॉर्च दाखवून जागेवर बसवायचं, अन् कोणाचं लेकरू रडलं का ते उचलून बाहेर वरांड्यात न्यायचं. कोणी तिले हे लेकराईचं काम सांगतलं नव्हतं. लेकरू रडलं का माणसाईच्या बाजूनं शिट्ट्या वाजे, "ओ बाई, बाहेर न्या ना त्याले!" अन् मायचा जीव अर्धा पडद्यावर अर्धा लेकरात. तर मावशी अंधारात यायची, हात पुढं करायची, म्हणायची, "दे वं इकडे. तू पिच्चर पाय." तीन घंट्यानं बाहेर आलं का आपलं लेकरू आपल्याले परत.

"पिच्चर खराब असला तर माय स्वतःच उठते लेकरू घेऊन," ती म्हणे, "अन् चांगला असला तर तिले लेकराचं रडणं ऐकूच येत नाही. मंग मले जावं लागते. म्हणून मोजते मी. एका शोमध्ये किती लेकरं माझ्या मांडीवर आले, तेवढा पिच्चर चांगला."

"अन् सगळ्यात जास्त किती आले मावशी?"

"पाच. दोन बाकावर, दोन मांडीवर, एक पाणीवाल्या बाईजवळ. सहा लेकराचा पिच्चर अजून कोणी बनवला नाही."

ती उंच होती, वाळकी, साडीवर टाकीजचा खाकी कोट घालायची, त्याचे बाह्या मनगटाच्या वर यायच्या. कोटाच्या एका खिशात फाडलेले तिकिटं अन् दुसऱ्या खिशात दोन धुतलेले फडके, लेकराईसाठी. पुरुषासारखी चाले. कोणी रांगेत घुसलं तर म्हणे, "काय गा, लेडीजमध्ये बसतं काय? साडी आणू?" सगळे हसे अन् तो माणूस पळून जाय.

पण तिचे पिच्चरबद्दलचे मतं ऐकून माझं डोस्कंच चालायचं नाही. आमच्या बाया म्हणे हिरोईनची साडी कशी होती, बंगला कसा होता, अन् मावशीचं भलतंच. डाकूचा पिच्चर लागला होता, सगळी वस्ती पाहून आली, घोडेच घोडे. मावशी म्हणे, "घोडा एकच आहे." मी म्हटलं, "मावशी, वीस होते, मी पाहिले ना." ती म्हणे, "वीस दाखवले असतीन. टापा एकाच घोड्याच्या आहेत. बाकीचे काय हवेत चालते?" एका पिच्चरमध्ये हिरोईन टीबीनं मरते अन् मरता मरता गाणं म्हणते, अर्धं थेटर रडून राहिलं होतं, अन् ही बाहेर बसून म्हणे, "आमचे मालक टीबीनं गेले. पाणी मागायचं म्हटलं तरी दोन शब्दात दमायचे. हिचा दम तर माझ्यापेक्षा चांगला आहे." अन् एकात जत्रेत पोरगं हरवते, तर ती म्हणे, "त्या मायनं आधी वाजा वाजू देला, मंग ओरडली. खरी माय वाजा ऐकत नाही. लगेच ओरडते."

मले वाटे ही बाई पिच्चर पाहाते का कशाचा हिशोब ठेवते. मी सातवीत शाळा सोडली, मले वाटे शिकलेले लोक असंच पाहात असतीन.

तिचं कोणी नव्हतं. लेकरू झालं नाही. उमरेडकडं एका खेड्यात पुतण्या होता, तो दरवर्षी येऊन म्हणे, काकू चाल आता, कायले एकटी राहातं. पुतण्या काही वाईट नव्हता. पण ती जायच्या नावानं घाबरायची, अन् ती घाबरते ते एवढंच मी पाहिलं. "तिथी गेली का मी संपली वं," ती मले म्हणे. "पुतण्या गोठ्यापाशी खाट टाकून देईन. दोन टाईम विचारीन, काकू जेवली काय. जेवली म्हटलं का दिवसभर कोणी बोलणार नाही. इथी रोज तीनशे बाया मले विचारते, मावशी, पिच्चर कसा आहे." टाकीजचे मॅनेजरसाहेब तिले सांगून चुकले होते का म्हाताऱ्या लोकाईले कमी करून राहिले, तुमची एक जरी तक्रार आली तर मले काही करता येणार नाही. म्हणून ती तापात पण जायची. ते दार गेलं का नागपूर गेलं, असं होतं तिचं.

माझी प्रज्ञा झाली तेव्हा मी वीस वर्षाची होती अन् मी सगळ्यालेच भ्यायची. ती झोपली तर भ्यायची का श्वास घेते का नाही, रडली तर भ्यायची का काय झालं, नाही रडली तर जास्तच. सासू गावी, माय दूर, हे पहाटे हिंगण्याले कंपनीत जायचे ते दुपारी चारले यायचे. पोरगी मांडीवर घेऊन मी तासन् तास नुसती बसून राहायची, उठली तर पडन, पडली तर मरन. मावशी शोच्या आधी यायची, काही न बोलता पोरगी माझ्या हातातून काढून घ्यायची, म्हणायची, "जा, आंघोळ कर. केस धू. मी आहे." पोरीले हातावर वरखाली करून म्हणायची, "पावभर वाढली." मी दवाखान्यात काट्यावर नेली तर खरंच तेवढीच वाढलेली राहे. मंग मले जरा धीर आला. शो पाहाले जाऊन राहिली, पोरगी मावशीच्या मांडीवर, मी आत. तीन घंटे मी कोणाचीच माय नसायची. हे लिहाले चांगलं नाही वाटत पण तसंच होतं.

आता त्या मुर्द्यांच्या पिच्चरचं सांगते.

व्हीसीआर नवीन नवीन आलं होतं तेव्हा. आमच्या लाईनीतल्या कुंदाताईनं पोराच्या वाढदिवसाले भाड्यानं आणलं, कलर टीव्ही अन् तीन कॅसेट. दुपारची वेळ, माणसं ड्युटीवर, खिडकीले घोंगडी लावली, सगळ्या बाया खाली सतरंजीवर. मावशीची सुट्टी होती, तिले मानानं खुर्ची देली. तिसऱ्या कॅसेटच्या डब्यावर देवीचा फोटो होता. कुंदाताईनं तर अगरबत्ती पण लावली. अन् आत निघाला इंग्रजी पिच्चर, मेलेले लोक उठते त्याचा! दुकानवाल्यानं डबे बदलवले असतीन. एक कोळशाची खाण असते, खाली मजूर मरून पडलेले असते, अन् ते एक एक करून वर येते, तोंडाचं मांस लटकलेलं, डोळे पांढरे, अन् गावातले लोक एका शाळेत दारं लावून बसते अन् ते बाहेरून काचेवर हात मारते. एक जण आत घुसते अन् मास्तरचा हात खाते. मायवं, मी तर पोरीचे डोळे झाकले, पाच महिन्याच्या पोरीचे! बंद कर म्हणून एक बाई ओरडे, तर दुसरी म्हणे, नाही नाही, देवी येईन ना आता, डब्यावर आहे.

इंग्रजी कोणाले समजे? सगळ्या म्हणे, "मावशी, सांग ना वं, काय बोलून राहिले?" टाकीजवरची बाई म्हणून.

मावशी जरा वेळ ऐकत राहिली. मंग म्हणे, "हे खाणीतले मजूर आहेत. खाली अडकले होते. आता बाहेर आले."

"हाव, ते तर दिसते. मंग?"

"पाणी मागून राहिले बिचारे. कोरड पडली घशाले. ऐक ना, कसे कण्हते. अन् हे गावातले लोक दार नाही उघडून राहिले. घरचेच असतीन ना त्याईच्या? काहून नाही उघडत?"

बाया इतक्या हसल्या, इतक्या हसल्या. कुंदाताईचं तर कुंकू पुसलं हसता हसता. मावशीनं मजाक केली असंच सगळ्याईले वाटलं. एक जण म्हणे, "पाणी मागते का मास्तर मागते?" मावशी पण हसली, पण उशिरानं, बाकीच्या हसल्यावर. मंग कुंदाताई म्हणे, "अवो मावशी, त्याचं अर्धं तोंड सडलं आहे, दिसून नाही राहिलं काय तुले?"

मावशी म्हणे, "दिसून राहिलं ना. सडलं म्हणून काय तहान लागत नाही?"

पुन्हा सगळ्या हसल्या. मी नाही हसली. मी मावशीच्या पायापाशी बसली होती अन् वर पाहून राहिली होती. टीव्ही होता कोपऱ्यात, अन् मावशीचं तोंड होतं लोखंडी अलमारीकडं. आवाज अलमारीवर आपटून येऊन राहिला होता. ती अलमारीकडं पाहून मान हलवून राहिली होती.

मले एकदम आठवलं का मागच्या महिन्यात तिच्या टॉर्चमधले सेल संपलेले होते अन् तरी ती टॉर्च दाखवून राहिली होती, मले वाटलं सेल वाचवते. तसाच घोडा, तसाच टीबी. ती पिच्चर पाहातच नव्हती, किती दिवसापासून कोणाले माहीत.

मी एकटीच हसली नव्हती, त्यावरूनच तिले समजलं. सगळ्या गेल्यावर माझ्या खोलीत आली, पायानं उंबरठा चाचपला, आत आली, अन् दार लावलं.

"समजलं ना तुले?"

"हाव."

"थोडं दिसते अजून. उजेड दिसते, माणूस उभा आहे एवढं दिसते. डाक्टर म्हणे उशीर झाला."

"मावशी, मंग तिकिटं..."

"तिकीट हातानं फाडते, डोळ्यानं नाही. पायऱ्या माझ्या पायाले माहीत आहेत. लेकरं वजनानं माहीत आहेत, वासानं माहीत आहेत. तुझ्या पोरीले वेखंडाचा वास येते. एक तरी लेकरू चुकलं का आजपर्यंत?"

नव्हतं चुकलं.

"कोणाले बोलू नोको," ती म्हणे. "पोरीच्या डोक्यावर हात ठेव."

मी ठेवला. लेकराची शपथ लय वाईट, पण नाही म्हणाले जमलं नाही. ह्याईले पण सांगतलं नाही. अन् मंग मी काय केलं, तर दर शोच्या वेळी पोरगी तिच्याजवळच देत राहिली. नाही देली असती तर तिले वाईट वाटलं असतं. देली तर मी अंधारात बसून दाराकडं पाहात राहायची. पिच्चर अर्धाच दिसायचा. आता बाकीच्या बायाईले सांगू का नोको, हेही समजत नव्हतं.

मंग तो पिच्चर लागला. तीन बहिणीचा होता, सासरी छळते, मंग एक जण वकील बनते. हिवाळा होता, बारा ते तीनचा शो, लेडीज क्लास गच्च. त्या दिवशी ह्याईनं आणलेल्या नवीन पावडरचा डबा मी पहिल्यांदा उघडला होता. पोरीले रगडून पावडर लावली, छान गुलाबाचा वास, वेखंड लावलंच नाही. हौस होती ना. अन् डोक्यात लाल टोपडं, गाडीवर विकाले आले होते ते, त्या वर्षी अर्ध्या नागपुरात तेच टोपडं.

माझी रडली अन् मावशी येऊन घेऊन गेली. मंग दुसरी रडली, मंग तिसरी. मी मोजत होती, चार, पाच. सहावं उचललं तेव्हा मले वाटलं, मावशी किती खुश असन आज, सहा लेकराचा पिच्चर! अन् तेव्हाच ती मधली बहीण कोर्टात बोलाले लागली अन् मी सगळं विसरली. खरंच विसरली. मी दाराकडं पाहिलं नाही.

पिच्चर संपायच्या जरा आधी मावशी आत आली, एकेकीच्या हातात एकेक लेकरू देऊन राहिली, सहा सांभाळून थकली असन. माझ्या हातात झोपलेलं लेकरू देलं. टोपडं तेच, गरम गरम. मी छातीशी धरलं अन् पडद्याकडंच पाहात राहिली. मंग लाईट लागले.

त्या लेकराचे कान टोचलेले होते.

माझ्या प्रज्ञाचे कान टोचले नव्हते.

मी ओरडली नाही. मावशी म्हणे ना, खरी माय लगेच ओरडते, मी ओरडलीच नाही. मी टोपडं काढून पाहिलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं, जसं काही पुन्हा घातलं का माझी निघन. बाया बाहेर जाऊन राहिल्या होत्या, मले धक्के लागून राहिले होते. मंग मी दारापाशी गेली अन् म्हटलं, "मावशी, हे माझं नाही."

"तुझंच आहे वं, वेखंड..." ती म्हणे अन् तिनं हात पुढं केला, लेकराच्या तोंडावरून फिरवला, गालावरून, कानावर आला अन् तिथीच थांबला. तिचं तोंड मी पाहिलं. असं तोंड मी कोणत्याच पिच्चरमध्ये पाहिलं नाही.

बाया जमल्या. मॅनेजरसाहेब आले. "काय झालं? कोणी देलं लेकरू?"

"मी देलं साहेब," मावशी म्हणे.

"मंग चुकलं कसं? पाहून नाही देलं काय?"

अन् मी ओरडली. आता ओरडली! "तिले दिसत नाही जी! तिले दिसतच नाही! आंधळी आहे ती! माझी पोरगी द्या!" असं तीन चार वेळा. सगळ्या वरांड्यात घुमलं. मले माझाच आवाज कोण्या दुसऱ्या बाईचा वाटून राहिला होता.

 माझ्या कडेवरचं लेकरू उठून रडाले लागलं.

अन् मावशी, तिनं मान पण वळवली नाही माझ्याकडं. ती मॅनेजरसाहेबाले म्हणे, एकदम शांत, जशी जागा सांगून राहिली, "साहेब, दुसरं टोपड्याचं लेकरू मी चौथ्या रांगेतल्या बाईले देलं. तिच्या चपलेचा अंगठा तुटला, फरफटत चालून राहिली होती, आत येताना पण अन् जाताना पण. लेकरू कडेवर, तुटकी चप्पल, ती दूर जात नाही. चौकात मोच्यापाशी पाहा."

साहेबानं माणूस धाडला, मी पण त्याच्या मागं धावली, दुसऱ्याचं लेकरू छातीशी धरून. मोच्यापाशी एक बाई एका पायावर उभी होती, दुसरा पाय गोणपाटावर, अन् तिच्या खांद्यावर लाल टोपडं. प्रज्ञा झोपली होती. गुलाबाचा वास. त्या बाईले काहीच माहीत नव्हतं. माझ्या हातातलं पाहिलं अन् तीही आधी ओरडली नाही, तिनं पण टोपडंच काढून पाहिलं. मंग आम्ही दोघी रस्त्यावर बसून रडलो. तिचं नाव पण मी विचारलं नाही.

परत आली तेव्हा साहेबानं मावशीले खुर्ची देली होती, चहा देला होता. ते काही चिल्लावले नाही. "सुगंधाबाई, मले सांगतलं असतं तर," असं म्हणे. मंग, "उद्यापासून येऊ नका." मावशीनं चहा पिला, कोट काढला, खिशातले तिकिटं टेबलावर ठेवले, फडके मात्र घेतले, म्हणे, "हे माझे आहेत."

आम्ही सोबतच घरी आलो. चौकात रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरला तर तिनं धरू देला. त्यानं मले अजूनच वाईट वाटलं.

ह्याईले सांगतलं तर हे म्हणे, "पोरगी भेटली ना? मंग कायले रडतं?" कुंदाताई म्हणे, "तू बरोबर केलं, उद्या कोणाचं लेकरू कायमचं गेलं असतं." खरं आहे ना ते. पण मी दोन मिनिटं थांबली असती तर? चपलेचं तर ती सांगणारच होती. मी ओरडली म्हणून काही तिनं ते सांगतलं असं नाही, तिले ते माहीतच होतं. मी चूप राहिली असती तर पोरगी तशीही भेटली असती अन् साहेबाले वाटलं असतं, गर्दीत चुकलं, होते असं. का नसतं वाटलं? अन् मंग ती पुन्हा दारावर उभी राहिली असती अन् मी पुन्हा पोरगी तिच्याजवळ देली असती काय? हे मी रोज स्वतःले विचारते अन् रोज वेगळं उत्तर येते. अन् ती शपथ. लेकराची शपथ मोडली तर लेकरू जाते म्हणतात, माझं तर मोडली तेव्हाच परत आलं. आता हे कोणाले विचारू?

नंतर आठ दिवस मी तिच्या दारात गेली नाही. तिचा स्टोव्ह पेटला का आवाज यायचा, तेवढाच. बाया विचारे, मावशी नवीन पिच्चर कसा आहे वं, सवयीनं, अन् मंग जीभ चावे.

एक दिवस सकाळी पुतण्या आला, पेटी अन् गाठोडं रिक्षात ठेवलं अन् तिले घेऊन गेला. मी खिडकीतून पाहिलं. मंग काय झालं मले, मी पोरीले उचललं, चप्पल घातली, दुसरी रिक्षा करून एसटी स्टँडवर गेली. काहून गेली ते समजत नाही. माफी मागाले असन.

ती उमरेडच्या गाडीच्या फलाटावर बाकड्यावर बसली होती, गाठोडं बाजूले, पुतण्या कोठी तरी चौकशीले गेलेला. खाकी कोटाशिवाय ती लहान दिसून राहिली होती. मी चार पावलावर जाऊन उभी राहिली.  नाव घेतलं तर रडू येईन, अन् ती काय म्हणन, अन् नाही काही म्हटलं तर. प्रज्ञा तेव्हा नुसते आवाज काढायची, तिनं एक काढला.

मावशीनं तोंड आमच्याकडं वळवलं. सरळ माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझ्या खांद्याच्या बाजूले. मंग गाठोडं उचलून मांडीवर घेतलं अन् बाकड्यावर जागा केली.

"बसा बाई," ती म्हणे. "उभ्या काहून? जागा आहे."

बसा म्हणे. मले ती कधी तुम्ही म्हणाली नव्हती. मी बसली. आमचे खांदे लागून राहिले होते. मी पोरीले वेखंड लावलं होतं त्या दिवशी, रोजच लावते आता. पोरीनं तिच्या पदराले हात घातला अन् ओढला. मावशीनं पदर तसाच धरू देला, पण हात पुढं केला नाही.

मंग ती समोर पाहूनच म्हणे, "स्टँडवर लय गर्दी असते. लेकरू कोणाच्या हातात देऊ नका बाई. कितीही ओळखीचं माणूस असो."

मी "हाव जी" म्हटलं, इतक्या हळू का मलेच ऐकू आलं नाही. तिले आलं असन. तिले सगळंच ऐकू येते.

मंग पुतण्या आला, गाडी लागली म्हणे. तिनं पोरीची मूठ एकेक बोट करून पदरावरून सोडवली अन् उठली. पुतण्यानं दंड धरला तर म्हणे, "सोड गा, पायऱ्या किती आहेत तेवढं सांग." तो म्हणे तीन. ती चढली.